चाकं उतरवून बर्फावर

दगडगोट्यांवरून उड्या मारत जाणारी डर्ट बाईक ताज्या बर्फात हतबल होते. गुडघाभर बर्फात मूठ पिळली की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, स्वतःसाठी खड्डा खणतं आणि गाडी सीटपर्यंत रुतून बसते. इंजिन कमी पडलं असं वाटतं, पण तसं नसतं. स्पर्धेच्या ४५० सीसी डर्ट बाईकला पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती असते आणि तिचं वजन असतं जेमतेम ११० किलो. जोर भरपूर असतो, तो टेकवायला जागा नसते. नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाचं एका घनमीटरला वजन ५० ते १०० किलो भरतं, पाण्याचं भरतं १००० किलो. म्हणजे त्या पांढऱ्या ढिगात दहातले नऊ हिस्से नुसती हवा. त्यावर तळहाताएवढी जागा टेकवणारा टायर ठेवला तर तो खाली जाणारच.

चाकावर बर्फ कापता येतच नाही असं मात्र नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये रॉयल एनफिल्डच्या दोन ‘हिमालयन’ बाईक अंटार्क्टिकातल्या रॉस हिमस्तराकडून निघून दक्षिण ध्रुवावर पोचल्या. टायरना खिळे होते, टायरमधली हवा कमी ठेवली होती आणि पुढचं स्प्रॉकेट १५ ऐवजी १३ दात्यांचं बसवलं होतं, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त. हे धाडस मोठंच होतं. पण त्यांची वाट दाबून टणक केलेल्या बर्फाची होती. डोंगरउतारावर, झाडांमध्ये, रात्रभर पडून साचलेल्या भुसभुशीत बर्फात हा उपाय चालत नाही. तिथे चाकालाच रजा द्यावी लागते.

अमेरिकेच्या आयडाहो राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेपासून फार लांब नाही, सँडपॉइंट नावाचं सरोवराकाठचं गाव आहे. मागे सेलकर्क पर्वतरांग. ॲलन मँगम यांची ‘टिंबरस्लेड’ ही कंपनी याच परिसरातली. आधी ती बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांचं सस्पेन्शन बनवायची. पुढे तिने डर्ट बाईकला मागे रबरी पट्टा आणि पुढे एक स्की बसवण्याचं किट काढलं आणि ते इतकं चाललं की २०१५ मध्ये पोलारिससारख्या मोठ्या कंपनीने टिंबरस्लेड विकतच घेतली. कल्पना तिची एकटीची नव्हती. आयडाहोतल्याच नॅम्पा गावच्या ‘टू-मोटो’ने त्याच्या काही वर्षं आधी असं किट विकायला सुरुवात केली होती, आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातही हे प्रयोग चालू होते. तरी बर्फातली बाईक ही हौशी मेकॅनिकच्या शेडमधून बाहेर पडून दुकानात आली ती सँडपॉइंटमुळे, असं म्हणायला हरकत नाही.

पट्ट्याचं गणित साधं आहे. किटचा पट्टा उलगडला तर सुमारे १२० ते १३७ इंच लांब भरतो. रुंदी अकरा-बारा इंच. त्यातला सव्वा मीटरच्या आसपासचा भाग एका वेळी बर्फावर टेकलेला असतो. म्हणजे तीन हजार चौरस सेंटिमीटरहून जास्त जागा. बाईक आणि चालक मिळून अडीचशे किलोच्या आत-बाहेर धरले आणि त्यातला थोडा भार पुढच्या स्कीवर गेला असं मानलं, तर पट्ट्याखाली दर चौरस सेंटिमीटरला साठ-सत्तर ग्रॅम भार येतो. आता हाच चालक गाडीवरून खाली उतरला की काय होतं ते बघा. त्याच्या दोन बुटांचे तळवे मिळून पाचशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. नव्वद किलोचा माणूस त्यावर उभा राहिला की दर चौरस सेंटिमीटरला १८० ग्रॅम. जवळजवळ तिप्पट. दीडशे किलोची गाडी बर्फावर उभी राहते आणि तिच्यावरून उतरलेला माणूस तिच्या शेजारी कंबरेपर्यंत आत जातो. पहिल्यांदा बर्फावर गेलेल्या प्रत्येकाला हा धक्का बसतो, आणि एकदा बसला की गाडी सोडून चालत परतण्याची कल्पना किती अवघड आहे हे कायमचं लक्षात राहतं.

पण नुसतं तरंगून भागत नाही, पुढेही सरकायला हवं. त्यासाठी पट्ट्यावर आडव्या रबरी फळ्या असतात, दोन ते तीन इंच उंचीच्या. कोकणात भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात, ती जसा चिखल मागे लोटतात तशा या फळ्या बर्फ मागे लोटतात. सैल पदार्थाला धरून पुढे जाता येत नाही, त्याचा पुरेसा मोठा ढीग एकदम मागे ढकलावा लागतो. म्हणून खोल, हलक्या बर्फासाठी उंच फळ्यांचा पट्टा घेतात, आणि दाबलेल्या वाटांवरच फिरायचं असेल तर बुटक्या फळ्यांचा.

पट्टा ही कल्पना बरीच जुनी. क्वेबेकमधल्या वालकूर गावचे मेकॅनिक जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात वारला. आतड्याचा विकार बळावला आणि बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्याला इस्पितळात नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीवर त्यांचे प्रयोग आधीपासून सुरू होतेच. दातेरी चक्राने रबरी पट्टा फिरवण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळालं, सात माणसं बसतील अशी बंद गाडी निघाली, आणि १९५९ मध्ये एक-दोन माणसांची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली. आज जगभर जी स्नोमोबाइल दिसते तिचं मूळ तिथे. मोटरसायकलवाल्यांनीही आपापल्या परीने खटपट केली. स्वीडनच्या लष्कराने हुस्कवार्नाच्या बाईकना दोन्ही बाजूंना छोट्या स्की लावल्या, म्हणजे सैनिकाने बर्फाळ रस्त्यावर पाय स्कीवर टेकवून तोल सांभाळायचा. क्रायस्लरने १९८० च्या सुमारास ‘स्नो-रनर’ नावाचं बर्फावरचं हलकं वाहन काढलं, पण ते फार चाललं नाही.

आता गॅरेजमध्ये जाऊ, कारण हे रूपांतर हाताने करून बघण्यासारखं आहे. बाईक स्टँडवर चढवायची. मागचं चाक काढायचं, चेन काढायची, मग स्विंगआर्म आणि मागचा शॉक अब्सॉर्बर. मागचा अख्खा भाग मोकळा झाला की स्विंगआर्म जिथे लटकत होता त्याच आडव्या बोल्टवर किटचा सांगाडा अडकवायचा. शॉकच्या वरच्या जागी एक दांडा किंवा किटसोबत आलेला शॉक. प्रत्येक कंपनीच्या बाईकची मापं वेगळी, म्हणून त्या त्या मॉडेलसाठी जोडसामानाचा वेगळा डबा मिळतो, आणि डबा चुकला तर एकही बोल्ट जागेवर बसत नाही. इंजिनाच्या स्प्रॉकेटवरून आता एक चेन किटच्या वरच्या शाफ्टवर येते आणि त्या शाफ्टवरून दुसरी चेन खाली पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चक्रांकडे जाते. पायाने दाबायच्या ब्रेकची तेलाची नळी किटच्या डिस्कला जोडायची. या नळीत हवा राहिली तर उतारावर जीवाशी गाठ आहे, म्हणून ब्रेक ब्लीड करण्यात घाई करायची नाही.

पुढचं काम त्या मानाने सोपं. चाक उतरवायचं, फोर्कच्या टोकांना स्कीचा आधार बसवायचा, त्यावर स्की. फोर्कच्या स्प्रिंगा थोड्या कडक कराव्या लागतात, कारण स्कीचा भार आणि आपटणं चाकापेक्षा वेगळं असतं. इथे एक मोठा बदल घडतो: पुढचा ब्रेक जातो. डर्ट बाईकवर वाढलेल्या माणसाचा उजवा हात आयुष्यभर ज्या लिव्हरवर भरवसा ठेवतो ते लिव्हर आता मुकं. काही जण तेही पट्ट्याच्याच ब्रेकला जोडून घेतात, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण घाबरलेला हात सवयीने तिथेच जातो. सरावलेल्या माणसाचं सगळं काम काही तासांत उरकतं, पहिल्यांदा करणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. वसंतात बर्फ वितळला की हीच खटपट उलट्या क्रमाने करायची, आणि गाडी पुन्हा मातीवर.

तयार झालेली गाडी, म्हणजे स्नो बाईक, साधारण १४०-१५० किलोची होते. डोंगरात वापरायची स्नोमोबाइल २०० किलोच्या वर जाते, तिचा पट्टा १५ इंच रुंद असतो, पुढे दोन स्की असतात आणि इंजिन दीडशेहून जास्त अश्वशक्तीचं. उघड्या, सरळ चढणीवर या दोघींची बरोबरी नाही. ताकदीत आणि तरंगण्यात स्नोमोबाइल पुढेच राहणार. स्नो बाईकची जादू तिच्या अरुंदपणात आहे. एकच स्की, एकच अरुंद पट्टा. त्यामुळे ती मोटरसायकलसारखी झुकते. स्नोमोबाइलला आडव्या उतारावर नेताना चालकाला अख्खं शरीर बाहेर काढून ती ओढून धरावी लागते, नाही तर ती उताराच्या दिशेने घसरते. स्नो बाईक डोंगराच्या बाजूला थोडी झुकवली की पट्ट्याची कड बर्फात रुतते आणि गाडी आडव्या उतारावर सरळ रेषा धरून जाते. देवदार-सूचिपर्णींच्या दाट रानात, जिथे दोन खोडांमध्ये जेमतेम फट आहे, तिथेही ती शिरते. मला या वाहनाचं खरं मोठेपण वेगात दिसतच नाही, ते इथे दिसतं.

चालवायला बसल्यावर सवयी मात्र बऱ्याच बदलाव्या लागतात. फिरत्या पुढच्या चाकाचा जो आपोआप तोल मिळतो तो स्कीत नाही, त्यामुळे अगदी हळू जाताना गाडी लडबडते आणि थोडा वेग घेतला की सावरते. डर्ट बाईकवर वळणात पाय बाहेर काढून टेकवतात. इथे तो पाय टेकायला जमीनच नसते. पाय बर्फात शिरतो, गाडी पुढे जाते आणि गुडघा मागे राहतो. म्हणून पाय फुटरेस्टवरच. क्लच अर्धवट दाबून खेळण्यापेक्षा योग्य गिअरमध्ये मूठ सलग उघडी ठेवायची, कारण खोल बर्फ सतत मागे खेचत असतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की गाडी लगेच थांबते. याच कारणाने उतारावर पुढच्या ब्रेकची उणीव वाटते तेवढी भासत नाही. टणक, गोठलेल्या वाटेवर मात्र भासते, आणि चांगलीच.

सगळ्यात मोठा धडा थांबण्याचा. चढणीवर, खोल बर्फात, नाक वर करून थांबलात की निघणं अवघड. नवखा माणूस अशा वेळी मूठ पूर्ण पिळतो. पट्टा फिरतो, फळ्या बर्फ मागे फेकत राहतात आणि गाडीचा मागचा भाग खड्ड्यात उतरत जातो, काही सेकंदांत तो मांडीएवढा खोल होतो. अनुभवी माणूस पट्टा फिरू लागल्याचं जाणवताक्षणी मूठ सोडतो. मग गाडी एका कुशीवर आडवी करायची. पट्टा खड्ड्याबाहेर येतो. खड्ड्यात बर्फ लोटून बुटांनी तुडवायचा, पुढे गाडीच्या लांबीएवढी वाट तुडवून घ्यायची, गाडी उताराच्या बाजूला तोंड करून उभी करायची. आणि मग थोडं थांबायचं. तुडवलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटायला वेळ लागतो. तेवढ्या थांबण्याने तो सैल ढीग घट्ट होतो आणि पट्ट्याला धरायला काहीतरी मिळतं. गाडी हलकी असल्यामुळे हे एकट्याने जमतं. स्नोमोबाइल रुतली तर बहुतेक वेळा दुसरा माणूस लागतो.

इंजिनाचे हाल वेगळेच. उणे पंधरा तापमानात इंजिन जास्त तापण्यापेक्षा पुरेसं न तापण्याचीच भीती मोठी असते. डर्ट बाईकचा रेडिएटर उन्हाळ्यातल्या धुळीसाठी आखलेला, आणि बऱ्याच स्पर्धेच्या बाईकना थर्मोस्टॅटच नसतो. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होतं. म्हणून थर्मोस्टॅट बसवतात, रेडिएटरवर झाकणं लावतात आणि ऑइल लवकर लवकर बदलतात. एअर फिल्टरची वाट हा दुसरा दुखरा भाग. पट्ट्याने आणि स्कीने उडवलेला पिठासारखा बारीक बर्फ हवेबरोबर आत ओढला जातो, फिल्टरवर बसतो, गोठतो, आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. त्यासाठी हवेची वाट उंचावर, टाकीजवळ नेतात आणि त्यावर बर्फ न धरणारी जाळी ताणतात.

एक गोष्ट मात्र गार पडायलाच हवी. पट्टा आतून प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्यांवर घसरत फिरतो, आणि त्यांना थंड ठेवण्याचं व ओलावा देण्याचं काम उडणारा बर्फच करतो. टणक, बर्फ न उडणाऱ्या वाटेवर मैलभर धावलात तर हे प्लॅस्टिक वितळायला लागतं. म्हणून किटच्या बाजूला तारेचे ओरखडणारे काटे लावतात. ते वाट खरवडतात आणि बर्फाचा चुरा आत फेकतात. खोल बर्फात ते वर दुमडून ठेवायचे.

हे वाहन मुळातच बर्फासाठी, नव्याने का बांधू नये, असा प्रश्न पडतो. स्नोमोबाइल बनवणाऱ्या आर्क्टिक कॅटने ते करून बघितलं. ४५० वर्गातलं इंजिन असलेली, कारखान्यातूनच स्की-पट्ट्यासह येणारी एसव्हीएक्स ४५० त्यांनी २०१८ च्या मॉडेल वर्षात आणली, पण ती फार काळ टिकली नाही. मला यात किटवाल्यांचंच गणित बरोबर वाटतं. गॅरेजमध्ये आधीच एक डर्ट बाईक असते आणि हिवाळ्यात ती नुसती उभी असते. किटचे हजारो डॉलर द्यावे लागले तरी दुसरी अख्खी गाडी घेण्यापेक्षा ते परवडतं. खेळाने मान्यताही लवकर दिली. कोलोराडोतल्या ॲस्पेन इथल्या एक्स गेम्समध्ये २०१७ पासून स्नो बाईकची शर्यत ठेवण्यात आली आणि पहिलं सुवर्णपदक ब्रिटिश कोलंबियाच्या ब्रॉक हॉयर यांनी नेलं. शर्यतीतल्या उड्या डोळ्यांचं पारणं फेडतात, पण या वाहनाचं घर डोंगरातच.

आणि डोंगरात हिमस्खलन असतं. ज्या गुणामुळे स्नो बाईक दाट झाडांतून, आडव्या उतारावरून, अरुंद घळीतून जाते, त्याच गुणामुळे ती चालकाला जिथे पूर्वी मोटारवाहन पोचत नव्हतं तिथे नेऊन ठेवते. लादीची हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. स्नो बाईकवाल्याला जे उतार हवेहवेसे वाटतात ते नेमके हेच. बर्फाच्या थरांत खाली एखादा दुबळा थर दबून राहिलेला असतो, वरून भार आला की तो तुटतो आणि वरची अख्खी लादी घसरते. सुटल्यावर पळून सुटण्याएवढा वेळ क्वचितच मिळतो.

म्हणून सामानाबाबत तडजोड करू नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा बीकन अंगावर, कपड्यांच्या आत. बर्फात खुपसून शोधायची, दुमडता येणारी लांब काठी आणि धातूच्या पात्याचं फावडं पाठीवरच्या पिशवीत, गाडीला बांधलेलं नको. गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे वाहून गेला तर गाडीवरचं फावडं कुणाच्याच उपयोगाचं नाही. मोबाइल आणि गरम हातमोज्यांच्या बॅटऱ्या बीकनपासून लांब ठेवायच्या, त्या संदेशात अडथळा आणतात. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवून. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात डोंगरावर बाहेरची मदत येत नाही, बरोबरचे सोबतीच काय ते करू शकतात. त्यामुळे बीकन विकत घेणं पुरेसं नाही. गाडलेला बीकन हुडकण्याचा सराव दर हंगामाच्या सुरुवातीला, सपाट मैदानात, सगळ्यांनी मिळून करायला हवा. सँडपॉइंटच्या डोंगरांसाठी आयडाहो पॅनहँडल अव्हलांच सेंटर आणि कॅनडात रेव्हलस्टोकला मुख्यालय असलेलं अव्हलांच कॅनडा हिवाळ्यात धोक्याचे अंदाज पाच पातळ्यांमध्ये देतात. ते वाचल्याशिवाय गाडी ट्रेलरवर चढवूच नये.

भारतात बर्फावरचं मोटारवाहन म्हणजे सियाचिनमधल्या जवानांच्या स्नो स्कूटर आणि गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबाइल. आपल्याकडचे बाईकवेडे मनाली-लेहचे रस्ते पालथे घालतात, तेव्हा कधी ना कधी पट्ट्याच्या किटचा विचार कुणाच्या तरी डोक्यात येणारच. त्यांच्यासाठी दोन हिशेब. पहिला उंचीचा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद विरळ हवेमुळे जाते. गुलमर्गची गोंडोला जिथे वर सोडते तिथे, चार हजार मीटरच्या जवळ, तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद उरलेलीच नसते. रॉयल एनफिल्डची ४११ सीसी हिमालयन १९९ किलोची आणि चोवीस-पंचवीस अश्वशक्तीची. तिला किट लावलं तर दोनशे किलोंच्या बरंच वरचं वजन आणि वर पोचेपर्यंत पंधरा-सोळा अश्वशक्ती. खोल बर्फात ती जागची हलणं कठीण. त्यासाठी हलकी, स्पर्धेची डर्ट बाईकच हवी. लडाखची गोष्ट आणखी वेगळी. तिथे थंडी आहे पण बर्फ कमी पडतो, आणि पट्ट्याच्या प्लॅस्टिकला गार ठेवायला बर्फच लागतो.

दुसरा हिशेब उताराचा. गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग भागात फेब्रुवारी २०१० मध्ये हिमस्खलनात लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीतले सतरा जवान गेले. बर्फाची रीत शिकायला आलेली, प्रशिक्षित माणसं होती ती. हिमालयातल्या हिमस्खलनाचे अंदाज चंदीगडची डीआरडीओची संस्था डीजीआरई देते, जिल्ह्यांप्रमाणे आणि धोक्याच्या पातळीप्रमाणे. काश्मीरमध्ये स्नो बाईक आणणाऱ्याने किटची किंमत काढताना प्रत्येक चालकामागे एक बीकन, एक काठी, एक फावडं आणि ते वापरायला शिकवणारा एक माणूस हा खर्च त्याच कागदावर, पहिल्या ओळीत धरावा.